अकरा वाजताची दोन मिनिटे

३० जानेवारीला सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा सुरू होतो आणि अकराच्या ठोक्याला थांबतो. पुढची दोन मिनिटे हातातले काम टाकून, असाल तिथे उभे राहायचे. ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा भोंगा होतो आणि मिटलेल्या फायली उघडतात. स्वातंत्र्यलढ्यात प्राण वेचलेल्यांच्या स्मरणार्थ ही स्तब्धता पाळावी, अशा सूचना केंद्रीय गृह मंत्रालय दरवर्षी राज्यांना पाठवते. शाळेच्या पटांगणात आपण सगळेच त्या दोन मिनिटांत ताठ उभे राहिलेलो आहोत. पण हा दिवस ज्यांच्या हत्येचा, त्या गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास, प्रार्थनेला जाताना. मग देश सकाळी अकराला का उभा राहतो? आणि दोनच मिनिटे का?

ही वेळ आणि हा कालावधी, दोन्ही गोष्टी पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या आहेत. त्यांचा माग काढत गेले की आपण दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपटाऊनमध्ये जाऊन पोहोचतो.

तिथे सिग्नल हिल नावाच्या टेकडीवरून रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळे जुळवता यावीत म्हणून ही प्रथा पडली. १९१८ सालच्या मे महिन्यात या तोफेला नवे काम मिळाले. फ्रान्समधून मृतांच्या याद्या येतच होत्या. दोन वर्षांपूर्वी, जुलै १९१६ मध्ये, डेलव्हिल वूडच्या जंगलात दक्षिण आफ्रिकेची तीन हजारांवर माणसांची ब्रिगेड शिरली होती आणि लढाईनंतरच्या हजेरीला उरलेले जेमतेम साडेसातशेच्या आसपास होते. शहराचे महापौर होते सर हॅरी हँड्स. त्यांचा मुलगा रेजिनाल्ड हा दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळलेला क्रिकेटपटू. विषारी वायूने घायाळ होऊन तो २० एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये वारला. महिनाही उलटला नव्हता, तोच ब्रायडन नावाच्या नगरसेवकाने सुचवले की दुपारच्या तोफेबरोबर सगळ्या शहराने काही क्षण थांबावे. महापौरांनी ते उचलून धरले आणि १४ मे रोजी पहिल्यांदा शहर थांबले.

अॅडर्ली स्ट्रीट हा केपटाऊनचा मुख्य रस्ता. तोफेचा आवाज झाला की ट्राम जागच्या जागी उभ्या राहत, घोडागाड्या थांबत, पुरुष टोप्या काढत. एका दुकानाच्या सज्जातून बिगुलवाला ‘लास्ट पोस्ट’ ही शोकधून वाजवी. पहिल्या दिवशी तीन मिनिटे थांबून पाहिले. ती फार झाली, म्हणून दुसऱ्या दिवसापासून दोन केली. जगभर आज जो कालावधी पाळला जातो, तो असा एका दिवसाच्या अनुभवावरून ठरला. एक मिनिट परत आलेल्यांसाठी, एक न आलेल्यांसाठी, अशी त्याची वाटणी पुढे सांगितली जाऊ लागली. मला महत्त्वाचे वाटते ते हे की सुरुवातीला हा वार्षिक समारंभ नव्हताच. युद्ध चालू होते आणि ही दोन मिनिटे रोज यायची. भाजी घ्यायला निघालेल्या बाईला, बँकेच्या कारकुनाला, सगळ्यांना रोज दुपारी त्या पोकळीतून जावे लागायचे. ज्याच्या घरी आदल्याच दिवशी तार आलेली असेल, तोही त्याच गर्दीत उभा असायचा.

याच गावात हे पाहणारा आणखी एक बाप होता, सर पर्सी फिट्झपॅट्रिक. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीवाल्यांतला हा बडा माणूस, पुढे राजकारणी. आपल्या कुत्र्याची गोष्ट सांगणारे ‘जॉक ऑफ द बुशव्हेल्ड’ हे त्याचे पुस्तक तिकडच्या पोरांना आजही ठाऊक असते. त्याचा तोफखान्यातला मुलगा डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. युद्ध संपल्यावर, शस्त्रसंधीला वर्ष व्हायच्या सुमारास, फिट्झपॅट्रिक लंडनमध्ये होता. केपटाऊनची ही प्रथा साऱ्या साम्राज्याने पाळावी असे टिपण त्याने वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नरमार्फत ब्रिटिश मंत्रिमंडळाकडे पाठवले. ज्यांची माणसे गेली त्या बायका, ज्यांना हे कळायला हवे ती मुले, जे सोसून परतले ते पुरुष आणि जे परतले नाहीत ते, अशा चौघांसाठी ही स्तब्धता असावी असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी, म्हणजे १९१९ साली, ८ मे रोजी लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये एडवर्ड हनी या मेलबर्नच्या पत्रकाराने टोपणनावाने पत्र लिहून पाच मिनिटांच्या मौनाची कल्पना मांडली होती. पहिला मान कोणाचा, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. त्याआधीही, १९१२ साली, गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या सिनेटने ब्राझीलच्या एका मुत्सद्द्यासाठी दहा मिनिटांचे मौन पाळल्याची नोंद आहे. मान कोणाला द्यायचा तो द्या. पण सगळे शहर एकाच क्षणी थांबते ही गोष्ट करून दाखवली केपटाऊनने.

आता अकराचे बघू. ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे पाचच्या सुमारास, फ्रान्समधल्या काँपियेन्यच्या रानात, आगगाडीच्या एका डब्यात शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. तोफा थांबवायची वेळ ठरली अकराची, म्हणजे सह्या होऊनही सहा तास युद्ध सुरूच राहिले आणि त्या सहा तासांतही माणसे मेली. अकराचा आकडा इतिहासात गेला तो असा. पुढच्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९१९ रोजी, राजा पंचम जॉर्जने आवाहन काढले: येत्या अकरा तारखेला अकरा वाजता साम्राज्यात सर्वत्र दोन मिनिटे सर्व व्यवहार बंद ठेवावेत. हातात दिवस उरले होते चार. तरीही लंडनमध्ये इशाऱ्याचे बार उडाले तेव्हा रस्ते थांबले, गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, टेलिफोनच्या जोडण्या देणाऱ्या मुलींनी हात आखडते घेतले. व्हाइटहॉलमध्ये वास्तुकार ल्युटेन्सने उभारलेले सेनोटाफ, म्हणजे रिकामी समाधी, तेव्हा लाकूड आणि प्लास्टरचे होते. जुलैच्या विजय संचलनापुरतेच ते केलेले. पण लोकांनी त्याच्या पायथ्याशी फुलांचे ढीग घातले आणि ते हलवणे सरकारला अशक्य झाले. दगडी सेनोटाफ ११ नोव्हेंबर १९२० रोजी खुले झाले. त्याच दिवशी एका अनोळखी सैनिकाला वेस्टमिन्स्टर अॅबीत राजांच्या शेजारी पुरले गेले.

राजाचे आवाहन साऱ्या साम्राज्याला होते, म्हणजे ते हिंदुस्थानलाही होते. जालियनवाला बाग होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. आणि महायुद्धात हिंदुस्थानी सैन्यातली सत्तर हजारांहून अधिक माणसे मेली होती. त्यांच्यासाठी साम्राज्य दोन मिनिटे उभे राहिले, हे खरे. पण त्या दोन मिनिटांत कोणाचे नाव आठवायचे?

आपल्या मुलखातली एक गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली लढले ते सहावे डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ या नावाने ओळखले जाई. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदाद गाठायच्या आधीच टेसिफॉनला त्यांना जबर मार बसला, आणि माघार घेत ते तैग्रिस नदीच्या वळणावर, कुट अल् अमारा या गावात आले. डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. गोरे सैनिक घोड्याखेचरांचे मांस खाऊ लागले. आपल्या शिपायांपैकी बहुतेकांनी ते नाकारले. ते खायला हरकत नाही, असे इथल्या धर्मगुरूंचे निरोप तारेने मागवले गेले, तरी कित्येकांचे मन धजले नाही. जवाच्या पिठाचा शिधा आठवड्यागणिक घटत गेला, हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही पसरला. सुटकेसाठी आलेल्या फौजेने तेवीस हजारांच्या आसपास माणसे जखमी-मृतांत गमावली आणि तरी ती कुटला पोहोचली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून पायपीट, रेल्वेच्या बांधकामावर वेठ, उपासमार, हगवण. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत त्यांतल्या किती जणांची खबरही आली नाही, याचा विचार करत मी बराच वेळ थांबतो.

या मोहिमेत मेलेल्या आणि थडगे न मिळालेल्या चाळीस हजारांवर लोकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले गेले. ते १९२९ साली खुले झाले. त्यावरच्या पाट्या बघाव्यात. गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, साध्या शिपायापर्यंत. हिंदुस्थानी सुभेदार-जमादारांची नावे आहेत. आणि मग त्या पलटणीखाली हिंदुस्थानी शिपायांचा फक्त आकडा: आणखी इतके. नाईक, लान्स नाईक, शिपाई, सगळे त्या एका आकड्यात.

हे अधिकच बोचते, कारण साम्राज्याच्या ज्या युद्धकबर आयोगाने हे केले त्याचे पहिले तत्त्वच समानतेचे होते. अधिकारी असो की शिपाई, सगळ्यांच्या शिळा सारख्या आकाराच्या, सगळ्यांचे नाव कोरलेले. आयोगाच्या स्मारकांवरच्या मजकुराचे काम रुडयार्ड किपलिंगकडे होते. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाचा मुलगा जॉन १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता आणि बाप मरेपर्यंत त्याचे थडगे सापडले नव्हते. आपल्या मुलाचे नाव दगडावर असावे ही तळमळ काय असते, हे किपलिंगला सांगायची गरज नव्हती. फ्रान्समध्ये नव शापेलला वास्तुकार हर्बर्ट बेकरने बांधलेल्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची नावे आहेत, आणि १९२७ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा किपलिंग तिथे हजर होता. म्हणजे जिथे युरोपचे डोळे होते तिथे नावे कोरली गेली; बसऱ्याला आणि पूर्व आफ्रिकेत आकड्यांवर भागवले. नावे मिळवणे अशक्य होते, ही सबब मला पटत नाही. पगाराच्या आणि पेन्शनच्या कागदांत तीच नावे लष्कराने बिनचूक लिहिलेली होती.

आकड्यांचे हे दगड आपल्याकडेही आहेत. लष्करभरतीच्या जिल्ह्यांत, सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची लहानशी पाटी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते; पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले असे गाव अभिमानाने सांगते. असल्या पाटीवर चुन्याचे, रंगाचे थर चढतात, तिच्यासमोर सायकली लावल्या जातात. दोष गावाचा नाही. आकड्याला कोणी आजोबा म्हणून हाक मारू शकत नाही.

नाव कोरले की काय होते, हे पाहायला पुण्याजवळ भीमा कोरेगावला जावे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने १८२१ साली तिथे स्तंभाचा पाया घातला आणि इंग्रजी व मराठीत मेलेल्या शिपायांची नावे कोरली. त्यांतल्या कितीतरी नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती महार शिपायांची नावे. कंपनीला आपल्या विजयाचे स्मारक हवे होते, हे उघड आहे. पण नावे तिथे होती म्हणून शंभरावर वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि आज दरवर्षी त्या तारखेला लाखो लोक त्या दगडापुढे येतात. लष्कराने महारांची भरती मध्यंतरी बंद केली होती. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. या सगळ्या अपमानाविरुद्ध पुरावा म्हणून दाखवायला हाती होती ती स्तंभावरची नावे. शंभर वर्षांपूर्वी कंपनीला जे जमले ते १९२९ च्या साम्राज्याला बसऱ्याला जमू नये?

आपली स्वतःची जुनी परंपराही इथे आठवते. गावकुसाबाहेर, शिवमंदिराच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसते. पण ज्या घराने तो दगड बसवला त्याला ते ठाऊक असे, शेंदूर लावणारा हात ओळखीचा असे. आणि त्या स्मरणात मौन नव्हते. होती ती डफ-तुणतुण्यावरच्या पोवाड्याची आणि घरातल्या बायकांच्या रडण्याची गजबज. सगळ्यांनी एकाच वेळी गप्प होणे ही आपल्यासाठी नवी रीत होती.

ती रीत ब्रिटनमध्येही पुढे थकली. १९३० च्या दशकात दुसऱ्या युद्धाची तयारी दिसू लागली होती. १९३७ साली सेनोटाफसमोर, ऐन स्तब्धतेत, पहिल्या युद्धातला एक माजी सैनिक गर्दीतून धावत पुढे आला आणि हे सगळे ढोंग आहे, तुम्ही पुन्हा युद्धाची तयारी करता आहात, अशा अर्थाचे ओरडला. पोलिसांनी त्याला खाली पाडले. तो मनोरुग्ण होता असे नंतर सांगण्यात आले. दोन वर्षांत युद्ध पेटले आणि ११ नोव्हेंबरची स्तब्धता बंद करण्यात आली. त्या युद्धानंतर हा सोहळा जवळच्या रविवारावर ढकलला गेला. कामाच्या दिवशी ट्राम थांबवणारी गोष्ट सुट्टीच्या दिवशी चर्चनंतर पाळायची झाली. १९९० च्या दशकात माजी सैनिकांच्या संघटनेने प्रयत्न करून अकरा तारखेची स्तब्धता पुन्हा रूढ केली.

दरम्यान ती जगभर गेली आणि प्रत्येकाने आपापले घड्याळ लावले. तुर्कस्तानात १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगे वाजतात. ती अतातुर्कच्या मृत्यूची वेळ. नेदरलँड्समध्ये ४ मे रोजी रात्री आठला दोन मिनिटे. इस्रायलमध्ये सैनिकांच्या स्मृतिदिनी आदल्या रात्री आठला एक मिनिट आणि सकाळी अकराला दोन; महामार्गावर मोटारी थांबवून लोक बाहेर उभे राहतात. भारताने घेतली ती तयार वेळ आणि तयार कालावधी, पण स्मरण मात्र बदलले. साम्राज्याच्या सैनिकांची अकराची वेळ साम्राज्याविरुद्ध लढलेल्यांना दिली गेली, तीही दर सोमवारी स्वतः मौन पाळणाऱ्या माणसाच्या पुण्यतिथीला. फिट्झपॅट्रिक आणि गांधीजी एकेकाळी एकाच जोहान्सबर्गमध्ये वावरलेले, एक खाणमालकांच्या बाजूचा, दुसरा मजुरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बाजूचा वकील. वारसा अशा वाटांनीही येतो, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

सैनिकांचे काय? ल्युटेन्सनेच दिल्लीत इंडिया गेट उभारले. १९३१ साली ते खुले झाले. तेरा हजारांवर नावे त्यावर आहेत, त्यांतली बहुतेक वायव्य सरहद्द आणि अफगाण युद्धात मेलेल्यांची. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, त्या कमानीखाली उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर शिरस्त्राण आणि शेजारी ज्योत आली. उलटी रायफल ही ‘शोक शस्त्र’ या हुकुमाची आठवण. अखेरच्या मानवंदनेच्या वेळी जवान बंदुकीचे तोंड जमिनीकडे करतात तो हुकूम. गावी जवानाचा देह येतो तेव्हा ‘अमर रहे’च्या घोषणांनी रस्ता भरलेला असतो, आणि हा हुकूम सुटताच त्या घोषणा आपोआप थांबतात. तिथे कोणाला गप्प बसा म्हणून सांगावे लागत नाही.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी इंडिया गेटजवळच राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्यातल्या त्याग चक्रात एका सैनिकाला ग्रॅनाइटची एक वीट, तिच्यावर नाव, हुद्दा, पलटण, अशा पंचवीस हजारांहून अधिक विटांच्या भिंती आहेत. रोज संध्याकाळी एका सैनिकाच्या घरच्यांना बोलावून पुष्पचक्र वाहिले जाते. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत या प्रथेत झालेली ही सर्वांत चांगली गोष्ट. केपटाऊनची दोन मिनिटे रोज यायची; इथे रोज एक नाव येते. पण ही यादी सुरू होते स्वातंत्र्यानंतर. कुटच्या वेढ्यात जवाच्या मूठभर पिठावर जगलेले शिपाई या भिंतीवर नाहीत. बसऱ्याच्या पाटीवर ते आकड्यात आहेत, आणि ते स्मारकही १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमाने उचलून शहरापासून बत्तीस किलोमीटरवर वाळवंटात नेऊन ठेवले गेले.

एप्रिल २०२१ मध्ये त्याच युद्धकबर आयोगाने, म्हणजे आताच्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने, आपल्याच समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातले ४५ ते ५४ हजार मृत, प्रामुख्याने आशियाई आणि आफ्रिकी, इतरांच्या बरोबरीने स्मरले गेले नाहीत, आणि किमान १ लाख १६ हजारांचे, कदाचित साडेतीन लाखांचे, नावच कुठे कोरले गेले नाही, हे आयोगाने मान्य केले आणि माफी मागितली. नावे शोधण्याचे काम त्यानंतर हाती घेतले गेले आहे. आपल्याकडच्या ज्या गावांत संगमरवरी पाटी आहे तिथे तिच्यावरच्या आकड्याइतकी नावे पलटणीच्या कागदांत, पेन्शनच्या नोंदींत आणि घरोघरच्या पदकांच्या कडेवर सापडू शकतात. त्या काळच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असे. ती पदके अजून कपाटांत आहेत.